पिन बसली म्हणजे झालं?

मंडळी, हा लेख म्हणजे एक कबुलीजबाब आहे. दुसऱ्या वर्षाला ट्रान्सफॉर्मर शिकलेल्या, जर्नल वेळेवर सबमिट केलेल्या आणि ओरलला ईएमएफ इक्वेशन धडाधड म्हणून दाखवलेल्या एका विद्यार्थ्याने आपल्या रूम पार्टनरचा अडॅप्टर स्वतःच्या हाताने जाळला. तो विद्यार्थी मीच. माझी फजिती तुम्हाला आवडेलच, पण तिच्यामागचं कारण समजून घेतलंत तर निदान तुमची वस्तू वाचेल. म्हणून हे लिहितो आहे.

दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही होस्टेलवर परतलो. पार्टनरच्या बॅगेत चकली-चिवड्याच्या डब्यांखाली टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू होती. पुस्तकासारखं मिटणारं, दोन पडद्यांचं, हातात धरून गेम खेळायचं जुनं जपानी मशीन. त्याची ताई पुण्यातच जपानी शिकली. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. तिथे बसून ती कांजी पाठ करायची म्हणे. आता ती ओसाकाला नोकरी करते. तिथल्या पहिल्या वर्षी, भाषा येत असूनही मनमोकळं बोलायला कुणी नव्हतं, तेव्हा तिने हे मशीन सेकंडहँड घेतलं आणि रोज रात्री त्यावर शेतीचा एक गेम खेळत राहिली. सलग तीन वर्षं. या दिवाळीला ते तिने धाकट्या भावाच्या हातात ठेवलं आणि सांगितलं, "माझी शेती आहे यात. पेरणी चुकवू नकोस."

दुसऱ्याच दिवशी चार्ज संपला. पार्टनरने अडॅप्टर काढला आणि थांबला.

"अरे, हे जपानचं आहे. इथं चालेल ना?"

"लेका, पिन बसत्येय ना? मग चालतंय. मोबाइलचा चार्जर नाही का जगात कुठेही चालत? आपण पडलो इंजिनिअर!"

आमच्या एक्स्टेन्शन बोर्डच्या सॉकेटमध्ये गोल पिनही बसते आणि चपटीही. मी बटण दाबलं. मशीनवरचा दिवा लागला. अडॅप्टरमधून बारीक 'गुंऽऽ' असा आवाज येत होता, तो मी डासाचा समजलो. अडॅप्टर गादीच्या कडेला टेकलेला तसाच ठेवून आम्ही मेसला जेवायला गेलो.

परत आलो तर खोलीत जळक्या वार्निशचा वास. अडॅप्टर हातात धरवत नव्हता, एका बाजूने त्याचं प्लास्टिक मऊ पडलं होतं आणि चादरीवर तपकिरी डाग उमटला होता. मशीनवरचा दिवा विझलेला. बटण दाबलं, पुन्हा दाबलं, काही नाही. पार्टनर एक शब्दही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

सरांनी विचारलेला एकच प्रश्न

दुसऱ्या दिवशी मी अडॅप्टर घेऊन मशीन्स लॅबमध्ये गेलो. सरांनी तो उघडला नाही, नुसता उलटा करून माझ्यासमोर धरला.

"काय लिहिलंय वाच."

"इनपुट, एसी, १०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ..."

"आणि आपल्या भिंतीत किती आहेत?"

"२३०, सर."

"हे तू काल का नाही वाचलंस?"

याला उत्तर नव्हतं. मग सरांनी अडॅप्टर उघडायला लावला. आत अंगठ्याएवढ्या लोखंडी पट्ट्यांच्या कोअरवर गुंडाळलेला छोटा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक कपॅसिटर. बस्स. प्रायमरीवरचा कागद करपला होता. वाइंडिंगला चिकटवलेला थर्मल फ्यूज उडाला होता. हा फ्यूज ठरावीक तापमानाला तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. "याचे आभार मान," सर म्हणाले, "हा नसता तर आज लॅबमध्ये नाही, रेक्टरसमोर उभा असतास."

आता जर्नलमधलं ते समीकरण आठवा: ई बरोबर ४.४४ एफ फाय एन. वेढे म्हणजे एन ठरलेले आहेत. त्यामुळे कोअरमधला फ्लक्स हा 'व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी' या प्रमाणात चालतो. जपानचा हा ट्रान्सफॉर्मर १०० व्होल्टसाठी बांधलेला. त्याला ५० हर्ट्झवरच २३० व्होल्ट दिले, की फ्लक्स व्हायला हवा २.३ पट.

अमेरिकेच्या अडॅप्टरचं काय? तो १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. २३० भागिले १२० म्हणजे १.९२ पट. पण आपली फ्रिक्वेन्सी ६० ऐवजी ५० आहे, म्हणून आणखी १.२ ने गुणायचं. उत्तर पुन्हा २.३! जपानहून आणा की न्यू जर्सीहून, पुण्याच्या भिंतीत लावल्यावर दोघांचं दुखणं सारखंच.

आणि कोअर २.३ पट फ्लक्स घेऊ शकत नाही. लोखंड आणि वजन वाचावं म्हणून छोटे ट्रान्सफॉर्मर बीएच कर्व्हच्या गुडघ्याजवळच चालतील असे बनवलेले असतात. गुडघ्याच्या पुढे गेलं की कोअर सॅच्युरेट होतो. मग थोडा जास्त फ्लक्स मिळवण्यासाठीही प्रायमरी प्रचंड करंट ओढू लागते. करंट दुप्पट झाला तर तांब्यातली उष्णता चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. मी ज्याला डास समजलो, तो आवाज त्या लोखंडी पट्ट्यांचा होता.

दुसऱ्या बाजूलाही संकट असतंच. ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर बदलत नाही, त्यामुळे सेकंडरीचं व्होल्टेजही वर जातं. अडॅप्टरवर आउटपुट ५.२ व्होल्ट लिहिलं असेल आणि आत रेग्युलेटर नसेल, तर कागदावरचा हिशोब १२ व्होल्टच्या जवळ जातो. कोअर भरल्यामुळे प्रत्यक्षात तेवढं येत नाही, पण मशीनला मारायला पुरेसं येऊ शकतं.

एकच देश, दोन फ्रिक्वेन्सी

त्या लेबलवर '५०/६० हर्ट्झ' असं दोन्ही का लिहिलं होतं? याची गोष्ट मजेशीर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जपानमध्ये वीज आली तेव्हा टोकियोने जर्मनीच्या एईजी कंपनीकडून ५० हर्ट्झचे जनरेटर घेतले आणि ओसाकाने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून ६० हर्ट्झचे. ती फाळणी आजही आहे. पूर्व जपान ५० वर चालतो, पश्चिम जपान ६० वर. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडे विजेची टंचाई झाली तेव्हा पश्चिमेकडची वीज हवी तेवढी तिकडे पाठवता आली नाही, कारण फ्रिक्वेन्सी बदलून देणाऱ्या स्टेशन्सची क्षमताच अपुरी होती. म्हणून जपानी अडॅप्टर दोन्ही फ्रिक्वेन्सी सांभाळतो. पण व्होल्टेज मात्र सगळीकडे १००. लेबलवर दोन आकडे दिसले म्हणून हुरळून जायचं नाही. ते दोन आकडे हर्ट्झचे आहेत की व्होल्टचे, हे पाहायचं.

आता दुसरा सापळा म्हणजे पिन. जपान आणि अमेरिका दोघांची पिन दोन चपट्या पात्यांची. म्हणजे व्होल्टेज वेगळं, फ्रिक्वेन्सी वेगळी, पण आकार सारखा. उलट लंडनची पिन तीन जाड चौकोनी पात्यांची. ती आपल्या साध्या सॉकेटमध्ये घुसतच नाही, पण तिथली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, अगदी आपल्यासारखी! तेव्हा जी पिन सहज बसते ती घातक असू शकते, आणि जी बसत नाही ती निरुपद्रवी. लंडन, सिंगापूर किंवा युरोपातून आलेल्या अडॅप्टरला बहुधा फक्त पिन बदलणारा मल्टिप्लग पुरतो. जपान-अमेरिकेच्या जुन्या अडॅप्टरला तोच मल्टिप्लग लावणं म्हणजे त्याला मरणाच्या दारात नेऊन सोडणं. मल्टिप्लग आकार बदलतो, व्होल्टेज नाही.

मग मोबाइलचा चार्जर कसा चालतो?

माझी चूक इथेच झाली. आपल्या पिढीने लहानपणापासून जे चार्जर पाहिले ते जवळपास सगळे एसएमपीएस जातीचे. त्यांच्यावर 'इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं लिहिलेलं असतं. तो चार्जर भिंतीतली वीज आधी थेट डीसी करतो. आपल्याकडे २३० गुणिले १.४१४ म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट, जपानात सुमारे १४१. मग ती डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून एका चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सोडतो. आउटपुट वाढतंय असं दिसलं की 'चालू'चा वेळ कमी करतो, कमी झालं की वाढवतो. भिंतीत १०० असोत की २४०, बाहेर ५ चे ५. आणि तो ट्रान्सफॉर्मर चिमुकला का? पुन्हा तेच समीकरण! फ्रिक्वेन्सी हजारपट वाढली की तेवढ्याच व्होल्टेजला फ्लक्स फारच कमी लागतो, मग लोखंडाचा ठोकळा कशाला?

पुणेकरांना याचं एक घरचं उदाहरण देतो. आपली पुणे-मुंबई रेल्वेलाइन ब्रिटिश काळापासून १५०० व्होल्ट डीसीवर चालायची. १ जून १९३० ला सुरू झालेली डेक्कन क्वीन विजेच्या इंजिनावरच धावू लागली. पुढे देशात बाकी ठिकाणी २५,००० व्होल्ट एसी आली, आणि इगतपुरीला डीसीचं इंजिन काढून एसीचं लावायची वेळ आली. मग डब्ल्यूकॅम नावाची इंजिनं आली. त्या नावातला 'सी' डीसीचा, 'ए' एसीचा. वरची तार कुठलीही असो, गाडी चालते. २०१० च्या सुमारास पुणे-कल्याण पट्टाही एसीवर गेला आणि या दुहेरी इंजिनांची गरज संपत गेली. तर एसएमपीएस म्हणजे डब्ल्यूकॅम. आणि ताईचा तो अडॅप्टर म्हणजे जुनं डीसी इंजिन. आपल्या तारेखाली उत्तम, दुसऱ्या तारेखाली कोळसा.

हातातल्या गेम मशीन्समध्येही या दोन्ही जाती सापडतात. सोनीचा पीएसपी जपानात डिसेंबर २००४ मध्ये आला. त्याच्या अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं. फक्त पिन बदला आणि खेळा. निन्टेन्डोचा गेमबॉय अॅडव्हान्स एसपी २००३ चा. त्याच्या अमेरिकेत विकलेल्या अडॅप्टरवर स्पष्ट १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असतं. कंपनीने लिहून ठेवलेलं आहे, वाचायचं काम आपलं. सगळ्यात निर्धास्त म्हणजे १९८९ चा मूळ गेमबॉय. चार पेन्सिल सेल घाला, संपलं. पेन्सिल सेलला देश नसतो.

तापकीर गल्लीत

शनिवारी आम्ही दोघं बुधवार पेठेत तापकीर गल्लीत गेलो. पार्टनर अजून माझ्याशी मोजकंच बोलत होता. पहिल्या दुकानात 'जपानचा अडॅप्टर आहे' म्हटल्याबरोबर मल्टिप्लग पुढे आला. मी हात जोडले. दुसऱ्या दुकानातले काका जाणकार निघाले. त्यांनी आधी विचारलं, "लोड किती वॅटचा?" तिथून खरी चर्चा सुरू झाली. तिचं सार असं:

एक. अडॅप्टर जिवंत असेल तर २३० चे ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. हे अडॅप्टर चार-पाच वॅट खातात, त्यामुळे पन्नास वॅटचाही भरपूर होतो. मी तिथेच हिशोब केला. जपानी अडॅप्टरला ११० व्होल्ट म्हणजे फ्लक्स १.१ पट. अमेरिकनला ११० भागिले १२०, गुणिले १.२, पुन्हा १.१. दहा टक्के जास्त, म्हणजे अडॅप्टर कोमट होईल, करपणार नाही. तरी रात्रभर लावून ठेवू नये.

दोन. प्रवासात इस्त्री किंवा हेअर ड्रायरसाठी हलके, स्वस्त 'कन्व्हर्टर' मिळतात, ते यासाठी घेऊ नयेत. त्यातले बरेच जण साइन वेव्हचे तुकडे करून व्होल्टेज कमी करतात. इस्त्रीच्या कॉइलला त्याचं सोयरसुतक नसतं, ट्रान्सफॉर्मरला असतं.

तीन. अडॅप्टर मेला असेल तर २३० वर चालणारा दुसरा घ्यावा, पण आउटपुटच्या तीन गोष्टी जुळवून. व्होल्टेज तेच हवं. करंट तेवढा किंवा जास्त चालतो, कारण अँपिअर म्हणजे अडॅप्टरची देण्याची ताकद, मशीन आपल्याला हवा तेवढाच ओढतं. आणि पोलॅरिटी. लेबलवर गोलाच्या मधोमध प्लस आहे की मायनस, हे दाखवणारं छोटं चित्र असतं. पीएसपीला मध्ये प्लस, मूळ गेमबॉयला मध्ये मायनस. पिन सारखी दिसते म्हणून खुपसलं की पुन्हा माझ्यासारखी गत.

चार. अडॅप्टर बीआयएसची नोंदणी असलेला घ्यावा. आतल्या बाजूला ३२५ व्होल्ट आणि बाहेर आपल्या हातातलं मशीन, यांच्यामधल्या अंतरात आणि इन्सुलेशनमध्ये काटकसर केलेला अडॅप्टर चालतो छान, आणि एक दिवस शॉक देतो.

काका शेवटी म्हणाले, "या मशीनला यूएसबीची केबल मिळते रे. कशाला लोखंड वाहताय?" खरंच होतं. मशीनला हवे ५.२, यूएसबी देतो ५, आणि बॅटरी चार्ज करणारं सर्किट मशीनच्या आतच असतं. एवढा फरक ते चालवून घेतं. केबल घेतली.

पण मशीन सुरू व्हायला हवं ना! तिथून जवळच एका मोबाइल दुरुस्तीवाल्याने ते उघडलं. चार्जिंगच्या वाटेवर तांदळाच्या कणीएवढा एक फ्यूज होता, तो उडाला होता. पुढचं सगळं शाबूत. त्याने भिंगाखाली नवा फ्यूज बसवला. बॅटरी काढून दाखवली, पोट थोडं फुगलं होतं. हे जुन्या लिथियम बॅटरीत होतंच. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. ती बदलली आणि जुनी ई-कचऱ्यात दिली.

रूमवर येऊन आम्ही केबलचं व्होल्टेज आणि पोलॅरिटी मल्टिमीटरने दोनदा तपासली. मग पार्टनरने केबल लावली. मी नव्हे, त्याने. नारिंगी दिवा लागला. अर्ध्या तासाने त्याने मशीन उघडलं. गेमची नोंद कार्ट्रिजमधल्या चिपमध्ये असते, बॅटरीवर तिचं काही अवलंबून नसतं, हे मला त्या आठवड्यात वाचून कळलं होतं. तरी श्वास रोखूनच पाहत होतो. शेती होती. ताईच्या नावाची पाटी, कुंपण, एका कोपऱ्यात तिने लावलेली झाडं, सगळं जागच्या जागी.

त्याने ताईला व्हिडिओ कॉल लावला आणि पडदा कॅमेऱ्यासमोर धरला. अडॅप्टरचं त्याने सांगितलं नाही. मीच सांगितलं. ती आधी हसली, मग गंभीर झाली आणि म्हणाली, "मशीनचं सोड रे. तुम्ही खोलीत झोपला असतात तर?"

होस्टेलच्या वायरमन काकांनीही तेच विचारलं होतं, जरा वेगळ्या शब्दांत. ते शब्द इथे छापता येणार नाहीत. त्यांच्या सांगण्यावरून या लेखातल्या दोन ओळी आता प्रत्येक मजल्याच्या स्विचबोर्डजवळ लावल्या आहेत: 'बाहेरून आणलेली वस्तू लावण्याआधी इनपुट वाचा. १००-२४० नसेल तर लावू नका, विचारा.' आणि चार्जिंगला लावलेली कुठलीही वस्तू गादीवर ठेवायची नाही, हे त्यांनी खाली स्वतःच्या हाताने लिहिलं आहे.

तो जळका अडॅप्टर मी टाकला नाही. माझ्या टेबलावर असतो, लेबल वरच्या बाजूला करून. परीक्षेला ते समीकरण आलं, तर मला पाठ करायची गरज नाही.